डाव्या हाताचे टाके

राजेश्रीने सुईत दोरा ओवला, तेवढ्यात शेजारची कडूबाई धापा टाकत आत आली. पायात चप्पल नव्हती. हातात नातीकडून हिसकावून आणलेला मोबाईल होता.

"राजे, तुझा फोन कुठंय? कवापासून बंद लागायलाय!"

"ज्वारीच्या डब्यात हाय, मावशी. तुमीच म्हनलाव ना, दुपारी त्याला कोंडून ठेव म्हनून."

हा नेम कडूबाईनेच लावून दिला होता. माणसं ऊसतोडीला गेली की मागे राहिलेल्या बाया दिवसभर मोबाईलवर अपघाताचे व्हिडिओ बघतात आणि झोपेत दचकतात. त्यापेक्षा हाताला काम द्या, गोधडी शिवा, असं तिचं म्हणणं. राजेश्रीला ते मानवलं होतं. टाक्यामागे टाका घालताना छातीतली धडधड कमी झाली होती. आता ती धडधड माहेरी आलेल्या नणंदेसारखी न सांगता पुन्हा हजर झाली.

"काय झालं, मावशी?"

"गुरूपवर आलंय. उसाचा ट्रॅक्टर पलटी झालाय. कोल्हापूरकडं, म्हनायलेत. माझा पोरगा बालाजी तिकडं कर्नाटकात तोडीला हाय, त्येचा घोर न्हाई. पन तुझा मालक..."

राजेश्रीचा नवरा परमेश्वर कोल्हापूरकडेच ट्रॅक्टरवर होता.

तिने डबा उपडा केला. ज्वारी घरभर झाली. फोन सुरू व्हायला इतका वेळ लागतो हे तिला आजवर कधी जाणवलं नव्हतं. परमेश्वरचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"फडात रेंज नसतीय," कडूबाई म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता. नातीचा मोबाईल तिने पुढे केला. "मोतीबिंदूनं मला समदं धुरकट दिसायलंय. तू बघ. काही वळखू येतंय का बघ."

व्हिडिओ लहानसाच होता. तोंडावर पडलेला लाल ट्रॅक्टर. रस्ताभर ऊस. लोक पळत होते, कोणीतरी ओरडत होतं. चित्र सारखं हलत होतं. शेवटी रस्त्याच्या कडेला एक गोधडी अंथरलेली दिसली. मग कळलं, ती अंथरलेली नव्हती. कोणावर तरी डोक्यापासून पांघरलेली होती.

लाल ट्रॅक्टर काय, टोळीटोळीला असतात. नंबर दिसत नव्हता. राजेश्रीने चित्र थांबवलं आणि दोन बोटांनी गोधडी मोठी केली.

"देवा, माझी नको," ती मोठ्याने म्हणाली. "कोनाची बी असू दे, माझी नको."

परमेश्वरसोबत दिलेल्या गोधडीला तिने पोपटी काठ लावला होता. ही बिनकाठाची होती.

राजेश्री मटकन खाली बसली, सांडलेल्या ज्वारीवरच. तिला हसू फुटलं आणि ते आवरेना. "न्हाई, मावशी. माझी न्हाई ही. माझी न्हाई."

कडूबाईने भिंतीवरच्या खंडोबाच्या फोटोला हात जोडले. "वाचलो गं बाई," म्हणत तिने राजेश्रीचं डोकं पोटाशी धरलं.

मोबाईल मात्र राजेश्रीच्या हातातच होता. रोज गोधडी शिवणाऱ्या बाईच्या डोळ्यांना एक खोड लागते. टाका कुठून निघाला आणि कुठे वळला हे बघितल्याशिवाय ते हलत नाहीत. बघायचं नसतानाही तिला दिसलं. कडेपासून शिवत आत येताना गावातल्या सगळ्या बायांच्या टाक्यांची रांग कोपऱ्यावर उजवीकडे वळते. या गोधडीची रांग डावीकडे वळत होती. तशी रांग अख्ख्या गावात कडूबाई एकटीच घालते, कारण ती डावरी आहे. मधोमध निळ्या चौकड्यांचं ठिगळ होतं. गोधडी उपाशी राहू नये म्हणून तिच्या पोटात भाकरीचा तुकडा ठेवून शेवटी जे ठिगळ लावतात, ते. बालाजीच्या शाळेच्या शर्टाचा तो तुकडा कडूबाईने राजेश्रीसमोरच कापला होता, याच खोलीत, दिवाळीत.

कोल्हापूर म्हणे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना कुठलंही गाव चालतं.

कदाचित बालाजीनेच आपली गोधडी दुसऱ्या कोणावर घातली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पोरगा आहेच तसा. असंच झालं असेल. असंच झालं असू दे. मघाच्या हसण्याची तिला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"मावशी," ती म्हणाली, "बालाजीला फोन लावू का?"

"आता कशाला? फडात असंल त्यो. सांजच्याला करतोयच की." कडूबाईचा आवाज मोकळा झाला होता. ती खाली बसून ज्वारी गोळा करायला लागली. एक मूठ भरली, डब्यात टाकली. दुसरी भरता भरता थांबली.

"पन कुन्यातरी माईचं लेकरूच हाय की गं त्ये. तिला आजून कळलं बी नसंल. बसली असंल बिचारी आपल्यासारखीच, ज्वारी निवडत न्हाईतर शिवत." तिने पदराने डोळे पुसले. "तिला सांगायला कोन जाईल गं, राजे?"