दर्याधर का फिरला

"पण का?" गंगारामने ब्रश पाण्यात बुडवून तसाच ठेवला. "भला माणूस एकाएकी वाईट का होईल?"

प्रश्न कागदावरच्या दर्याधराला होता. तो काय उत्तर देणार? मुंबईच्या एका चित्रकथांच्या मासिकात तो वर्षानुवर्षं बुडत्या होड्या खांद्यावर उचलून किनाऱ्याला लावत आला होता, बोलायला त्याला सवड कुठली! त्याला जन्म देणारा गंगाराम राहायचा भाट्याच्या खाडीपलीकडे. होड्यांवर नावं रंगवायचा, दुकानांच्या पाट्या करायचा, आणि महिन्याच्या महिन्याला दर्याधराची चित्रं मुंबईला धाडायचा. आता संपादकांनी कळवलं होतं, की चांगुलपणाला पोरं कंटाळली आहेत. पुढच्या अंकात दर्याधर खलनायक झाला पाहिजे, आणि कारण पटण्यासारखं हवं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. संपादकांचं काय जात होतं?

गंगारामचं जात होतं. दर्याधराचा चेहरा रघूचा होता, त्याच्या एकुलत्या एका पोराचा. रघू शाळेत होता तेव्हा भिकाजी मानकऱ्याची मुलगी भरतीच्या खाडीत पडली. मोठी माणसं काठावर आरडाओरड करत राहिली आणि रघूने उडी घातली. मुलीला खांद्यावर टाकून तो वर आला, तेव्हा त्याची भुवई खडकावर फाटली होती. त्याच दिवशी गंगारामने पहिला दर्याधर काढला. भुवईवरची ती खोकसुद्धा त्याने सोडली नाही.

पुढे रघू मुंबईला गिरणीत लागला. गिरण्यांचा संप झाला तेव्हा चाळीतल्या चुली विझू नयेत म्हणून तो गावोगाव फिरून तांदूळ गोळा करून नेत असे. मोर्चात त्याने लाठ्याही खाल्ल्या. त्या दिवसांत गंगारामचा हात नुसता पळायचा, गोष्ट सुचायला कष्टच पडायचे नाहीत. मग संप विरला. गिरणीने रघूला परत घेतलं नाही. कुठंसं दुसरं काम लागलं एवढं कळलं आणि त्याचं गावी येणं थांबलं.

यंदा शिमग्याला तो आला. अंगावर भारी सदरा, पायांत चकचकीत बूट. "साहेब झालास रे मेल्या," म्हणत त्याच्या आईने, सगुणाने, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग पदराने डोळे पुसले. पण साहेब घराबाहेर पडेना. पडवीत भिंतीला पाठ लावून बसायचा. रस्त्यावर जीप वाजली की उठून आत जायचा.

आता तो बापाच्या मागे येऊन उभा राहिला होता.

"बाबा, येवढा कसला विचार करताय? सोपं हाय."

"मग सांग की."

"दमला आसंल." रघू चित्राकडे बघत होता. "लोकांसाठी मार खाल्लान, नि त्यांचीच पोरं उपाशी निजली. मग कुणी तरी सांगितलेलं एक वाईट काम केलान. त्या दिवशी सगळ्यांच्या ताटात भात पडला."

गंगाराम हसला. "भातापायी कुणी देवाचा दैत्य होतो काय रे?"

"पहिल्या दिवशी नाय होत," रघू म्हणाला.

एवढ्यात ढोल जवळ आले. ग्रामदेवीची पालखी बांध चढून अंगणाकडे येत होती. वर्षातून एकदाच देवी देऊळ सोडून घरोघर येते. सगुणाने सकाळीच सडा घातला होता, रांगोळी काढली होती. ती ओटीचं ताट घेऊन धावली. पुढे भिकाजी होता. वय झालं होतं, पण आवाज खणखणीत.

"रघ्या, ये रे! माझ्या पोरीला ज्या खांद्यावरनं आणलास, त्या खांद्यावर आज आई बसूंदे!"

लोक हसले, बाजूला झाले, रघूसाठी जागा केली. लहानपणी पालखीला हात लावायला मिळाला नाही तर रघू जमिनीवर लोळण घ्यायचा. आज तो पडवीच्या खांबामागे सरला. लाजतोय, असं गंगारामला वाटलं. त्याने हात धरून त्याला ओढलं.

"चल, खांदा दे. आई दारात आलीय."

"नको, बाबा. मला सुतक हाय."

"कुणाचं? भावकीत तर सगळे धड हायत."

"भावकीतला नव्हता." ढोलांच्या आवाजात रघूचं बोलणं फक्त बापालाच ऐकू गेलं. "माझ्या हातानं गेला."

तोच हात गंगारामच्या हातात होता. तो त्याला सोडवेना आणि धरवेना. परक्याचं सुतक कुणी पाळत नाही. मारणाऱ्याने पाळल्याचं तर त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. पोरगं देवीला फसवायला तयार नव्हतं, एवढंच त्याच्यात जुनं उरलं होतं.

झाकता आलं असतं. गंगारामने स्वतः खांदा दिला असता, तर कुणाला काही कळलं नसतं. पण सुतक एकट्याचं नसतं, ते घराचं असतं. पोराचं असलं की बापाचंही असतं.

तो हात जोडून अंगणात उतरला.

"भिकाजी, पालखी टेकवू नका. पुढं न्या. आमच्या घरात सुतक हाय."

ढोल थांबले. भिकाजी बघतच राहिला. सगुणाच्या ताटातला नारळ कलंडला.

"अवो, काय बोलताय हे? कोण गेलं?"

गंगारामने पडवीकडे पाहिलं. खांबाला टेकून रघू लहान पोरासारखा रडत होता.

"दोघं गेले, सगुणा. त्यातल्या एकाचं नाव मला ठाऊक नाय."