ओली माती

बाबांनी आजारी पडायच्या आधी अंगणात लावलेलं आंब्याचं रोप पिवळं पडायला लागलं, तेव्हा ती रोपवाटिकेतल्या माळीकाकांना घेऊन आली. त्यांनी आळ्यात बोट खुपसलं, मातीचा वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

"किती पाणी घालतेस गं?"

"सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. मध्येच वाटलं तर अजून एक."

"अगं, रोप लावलंय की मासे पाळलेत? मुळं कुजायला आलीत त्याची! बुंध्यापासून वीतभर लांब, सावकाश घालायचं. आणि आधी मातीत बोट घालून बघायचं. ओली लागली, तर त्याला तहान नाही असं समजायचं."

तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मातीत बोट घातलं. माती ओलीच होती. तरी भरलेली बादली तिच्या हातून सुटेना.

दवाखान्यातले शेवटचे तीन दिवस बाबा "घोटभर तरी दे गं" म्हणत राहिले होते, आणि डॉक्टरांचं ऐकून तिने फक्त ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसले होते.