कंसातलं शून्य

ते पत्र येऊन दोन वर्षं झाली होती आणि ग्रंथपालांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. मजकूर मात्र पाठ झाला होता.

'पुलाखालची उंची २.६ मीटर आहे. नकाशावरचे आकडे सुटसुटीत दिसावेत म्हणून मी ते पूर्णांकात आणले. तुमच्या हातातल्या नकाशावर ३ छापलं गेलं ते माझ्यामुळे. तुमच्या भावाचा पाय माझ्यामुळे गेला. रागावून का होईना, दोन ओळी लिहा.'

खाली नकाशा कार्यालयातल्या एका बाईंची सही होती.

पुतणी हल्ली संगणकावर नकाशे करायला शिकत होती. आज तिने काकांना खुर्ची ओढून दिली.

"बसा. नेमकं काय झालं ते दाखवते."

पडद्यावर रस्ता होता, रस्त्यावर पूल, पुलाशेजारी ३. बाजूच्या चौकटीत एक ओळ होती : राउंड(उंची, ०).

"हे शून्य म्हणजे दशांशचिन्हापुढे एकही आकडा दाखवू नको. आता शून्याच्या जागी एक लिहिते."

तिने कळ दाबली. सगळ्या पुलांचे आकडे एकदम हलले. ३ चं २.६ झालं.

"एवढंच?"

"एवढंच. वर्गात आम्हाला हेच उदाहरण देतात. त्या बाईंनी नोकरी सोडली म्हणे. संगणकाला हातसुद्धा लावत नाहीत."

ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

तेवढ्यात धाकटा भाऊ कुबडी टेकत आत आला. "काय गं, दादाला नापास केलंस का?"

कोणी हसलं नाही, तसा तो खुर्चीत टेकला. "दादा, त्या बाईला एकदाचं लिहून टाक. माफ केलं म्हणावं."

"तूच लिही ना."

"पत्र तुला आलंय. आणि माझं अक्षर पाहून तिला वाटेल, पायाबरोबर हातही गेला. शिवाय नकाशा तू बघत होतास. तुझा काय दोष? छापलं होतं ते सांगितलंस."

त्या दिवशी ट्रकमध्ये ग्रंथपालांचीच पुस्तकं होती. निवृत्त झाल्यावर घरी आणायची होती. धाकटा म्हणाला, भाड्याची गाडी कशाला, मी आहे ना. ट्रकची उंची २.८. फाट्याशी वेग कमी करून त्याने विचारलं होतं, "पुढे पूल आहे. बघ रे दादा, जाईल ना?"

नकाशा मांडीवरच होता.

"जाईल," ग्रंथपाल म्हणाले होते. मान वर न करता.

त्यानंतर पुस्तकं खोक्यांतच राहिली. प्रवासात वाचायला घेतलेली कादंबरीही त्यांनी पुन्हा हातात धरली नाही. अपघाताच्या चौकशीला नकाशा कार्यालयातली प्रत पुरली. ग्रंथपालांचा नकाशा कपाटात कपड्यांखाली होता, आणि त्या खणाला ते कोणाला हात लावू देत नसत.

दुपारी ते उत्तर लिहायला बसले. तीन कागद फाडले. चौथ्यावर कशाबशा पाच ओळी उतरल्या. खाली कार्बन होता. दुसरी प्रत त्यांनी धाकट्याच्या उशीवर ठेवली. तो व्यायामाला गेला होता, तासाभरात येणार होता.

दाराशी ते थबकले. कुबडी आली तेव्हा धाकटा पहिली चार पावलं त्यांच्याच खांद्याला धरून चालला होता. "तू आहेस म्हणून," असं म्हणाला होता. मागे वळावं, प्रत उचलावी, असं दोनदा मनात आलं. मग त्यांनी चपला घातल्या.

पोस्टातल्या कारकुनाने जाडजूड पाकीट हातात तोललं. "आत काय आहे, आजोबा?"

"पत्र आहे. आणि एक नकाशा. जुना."

"बघू."

त्याने पाकिटाचं तोंड फाकवून आत डोकावलं, मग बोटांनी नकाशा अर्धा बाहेर ओढला.

"जुना कसला? याचं दुकानातलं प्लास्टिकसुद्धा फोडलेलं नाही."

"माहीत आहे," ग्रंथपाल म्हणाले. त्यांनी पाकीट परत घेतलं, नकाशा आत ढकलला आणि डिंक लावून ते खिडकीतून आत सरकवलं.