लाल ठिपक्याचं पेडल

“हेही नाही,” म्हणत मास्तरांनी तिसरं पेडल पायाच्या अंगठ्यानं बाजूला सारलं.

जमिनीवर तीन पेडलं मांडली होती. पायानं दाबायच्या लोखंडी डब्याच त्या. गिटारचा स्वच्छ आवाज त्यांतून गेला की खरखरीत आणि भरदार होऊन बाहेर पडतो. कंपनी एकच, रंग तोच पिवळा, फक्त बनावट वेगवेगळ्या काळातली. ती घेऊन आलेल्या मेहुण्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नवं पेडल त्याचं स्वतःचं. बाकीची दोन त्यानं ओळखीपाळखीतून उसनी आणली होती.

“दुसऱ्या बनावटीचं नाकात बोलतं,” मास्तर म्हणाले. “तिसऱ्या बनावटीचा घसाच बसलाय. आणि हे नवं म्हणजे डब्यात खडे.”

“दाजी, नव्यात जोडणी पहिल्या बनावटीचीच आहे. अगदी बरहुकूम.”

“माझे कानही पहिल्या बनावटीचेच आहेत.”

मास्तरीणबाई केर काढत होत्या. एरवी त्या हसल्या असत्या. पण रविवारी गावातल्या जुन्या हॉलमध्ये शेवटचा कार्यक्रम होता. त्यानंतर हॉल पाडणार होते. त्याच हॉलमध्ये मास्तर तरुणपणी वाजवायचे तेव्हा खुर्च्या पुरत नसत, माणसं खिडक्यांत बसत. बाईंनी त्यांना पहिल्यांदा ऐकलं तेही अशाच एका खिडकीत बसून. बँडमधली उरलीसुरली मंडळी या वेळी येणार होती. मास्तरांचं मात्र एकच पालुपद: माझं पेडल नाही, तर मीही नाही.

त्यांचं पेडल पहिल्या बनावटीचं होतं. मागच्या कार्यक्रमात एका जागी त्यांचा सूर तुटला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पेडलनं दगा दिला, असं त्यांनी सांगितलं. घरी परतताना ते कुठंसं पडलं, असंही तेच म्हणाले. तेव्हापासून त्यांनी लोकांसमोर गिटार हातात घेतली नव्हती.

बाईंनी झाडू मारायला गिटारची पेटी उचलली. “अहो, गिटार बाहेर आहे तरी ही एवढी जड कशी? दगड भरलेत का?”

“जुन्या तारा आहेत. तू नको उचलूस,” म्हणत मास्तरांनी पेटी स्वतःच पलीकडे ठेवली.

गुरुवारी मेहुणा परत आला. पिशवीतून त्यानं एक पेडल काढलं. रंग उडालेला, कोपरा चेपलेला. मधल्या बटणाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका.

“एका भंगारवाल्याकडे दिसलं. बघा बरं, तुमचंच का.”

असाच ठिपका बाईंनी लग्नानंतर मास्तरांच्या पेडलवर लावला होता. स्टेजवरच्या अंधारात बटण कुठवर फिरवायचं ते कळावं म्हणून.

मास्तरांनी ठिपक्यावरून अंगठा फिरवला. बाईंकडे पाहिलं. बाई पदराशी चाळा करत उभ्या होत्या. मग मास्तरांनी वायर जोडली आणि वाजवायला सुरुवात केली. त्याच जुन्या जागी बोटं अडखळली. ते थांबले, मागे गेले आणि पुन्हा त्या जागेवरून आले. या वेळी नीट.

“हेच,” ते म्हणाले. “याला म्हणतात आवाज. ऐका मेहुणेबुवा, शिका जरा. नाहीतर तुमचे ते खडे.”

“ऐकतोय, दाजी.”

स्वयंपाकघरात मेहुणा भिंतीला टेकला आणि तोंडावर हात धरून हसत सुटला.

“ताई, हे खडेवालंच आहे गं. एका जुन्या, मेलेल्या पेडलच्या डबीत बसवलं आणि कानशीनं घासलं. म्हणे पहिल्या बनावटीचे कान!”

“हळू बोल.”

“तुझा ठिपका मात्र झकास जमला.”

“बाटली नवी आणावी लागली,” बाई म्हणाल्या. त्याही हसत होत्या, डोळे पुसत होत्या. “हे बघ, त्यांना कधी म्हणजे कधी कळू द्यायचं नाही.”

बाहेर मास्तर तीच जागा पुन्हा पुन्हा वाजवत होते.

रविवारी हॉल भरला. माणसं खिडक्यांतसुद्धा बसली. बाई पहिल्या रांगेत, शेजारी मेहुणा. पडद्यामागे ड्रमवाल्यानं विचारलं, “मास्तर, पेडल सापडलं म्हणे?”

“न सापडून सांगतंय कुणाला? बायकोनं मनावर घेतलं होतं.”

ड्रमवाला स्टेजवर गेला. मास्तरांनी वाकून पेटीतून गिटार काढली, पट्टा खांद्यावर घेतला. मग पेटीच्या तळाचं मखमली कापड जरासं उचललं. खाली रुमालात गुंडाळलेली एक पिवळी डबी होती. तिच्या मधल्या बटणाशी लाल ठिपका होता, वर्षानुवर्षांच्या वापरानं फिकट गुलाबी झालेला. मास्तरांनी कापड पुन्हा नीट अंथरलं, पेटी बंद केली आणि ताज्या ठिपक्याचं पेडल घेऊन ते स्टेजवर गेले.