गळ्यातली निळी पट्टी

“आज पण आला होता तो,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “दुपारचा. माझे पाय धरले त्यानं.”

रुपालीची पोळी तव्यावरच राहिली. “कोण, आई?”

“मला काय माहीत. बिनकार्डाचा माणूस.”

सासूनं तीस वर्षं सरकारी हापिसाच्या दारावर शिपायाची नोकरी केली होती. कार्ड बघितल्याशिवाय साहेबाच्या मेहुण्यालासुद्धा आत सोडलं नाही. आता डोक्यातनं नातेवाईक गेले, तारीख-वार गेले, सकाळचं जेवण गेलं. कार्ड तेवढं राहिलं.

रुपालीनं घर पक्कं केलं होतं. सिलिंडर बंद करूनच बाहेर पडायचं. दाराला उंचावर कडी, म्हातारीचा हात पोचू नये अशी. बाथरूमची आतली कडी काढलेली. ती शनिवार पेठेत औषधांच्या दुकानात काउंटरला, नवरा प्रज्ञेश खराडीला कंपनीत. दिवसभर सांभाळायला शालनबाई. म्हणजे बाहेरचा माणूस घरात यायचा, तर शालनबाईनंच कडी काढली पाहिजे.

“दुपारी कोणी येतं का हो?” रुपालीनं विचारलं.

“कोण येणार, ताई?” शालनबाई चप्पल घालत होती. मान वर केली नाही.

“आईंच्या पायाला तेल कोणी लावलं?”

“मीच की.”

शालनबाईचे गुडघे गेलेले. खाली पडलेला चमचासुद्धा ती पायानंच सरकवायची. आणि ओट्यावर चहाचे तीन कप धुऊन पालथे घातले होते. घरात माणसं दोन.

सातला प्रज्ञेश आला. गळ्यात कंपनीची निळी पट्टी, कार्ड शर्टाच्या खिशात खुपसलेलं. हल्ली तसंच ठेवायचा, कार्ड कधी बाहेर दिसायचं नाही. पण म्हातारीला नुसती पट्टी दिसली तरी पुरे.

“आला माझा प्रज्ञेश. दमलास रे.”

पट्टी काढली की मात्र “आपण कोण?” विचारायची. त्यामुळं तो बिचारा जेवायलासुद्धा पट्टी घालूनच बसे.

रुपालीनं त्याला सगळं सांगितलं.

“आईचं काय मनावर घेतेस? परवा फ्रिजला चहा घेणार का विचारत होती.”

“फ्रिज पाय धरत नाही, प्रज्ञेश. कॅमेरा लावू या.”

“स्वतःच्या आईवर पाळत ठेवायची? नको.”

“मग शनिवारी शालनबाईंना काढते.”

तो आमटीत चमचा फिरवत राहिला. “बाई चांगली आहे गं. आईला सवय झालीय तिची. राहू दे ना.”

बाईची एवढी वकिली कशाला, ते रुपालीला कळेना. दुसऱ्या दिवशी तिनं कोणाला न सांगता छोटा कॅमेरा आणला, सकाळच्या घाईत कपाटावर जुन्या रेडिओमागं बसवला आणि दुकान गाठलं.

एक वाजता गिऱ्हाईक नव्हतं. तिनं मोबाइल उघडला. कॅमेरा वाकडा बसला होता. म्हातारीचे पाय, खुर्चीचा खालचा भाग, थोडी फरशी, एवढंच दिसत होतं.

बेल वाजली नाही. तरी शालनबाईचे पाय उठून दाराकडे गेले. कडीचा आवाज आला. परत येताना तिच्या हातात तेलाची वाटी होती, ती तिनं खुर्चीपाशी स्टुलावर ठेवली. कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी तयारी.

मग पुरुषाचे पाय आले. नुसते मोजे. बूट बाहेर काढले असावेत, घरच्यासारखे. दोन गुडघे फरशीला टेकले आणि दोन हातांनी म्हातारीचं पाऊल धरलं. म्हातारीनं ते मागं ओढलं. हातांनी परत धरलं.

मोबाइल तसाच चालू ठेवून रुपालीनं काउंटरवरचा दुकानाचा फोन ओढला आणि प्रज्ञेशचा नंबर फिरवला. खराडीहून यायला त्याला तास लागेल, त्याआधी पोलिसांना सांगावं का, शेजारच्या तात्यारावांना धाडावं का, तिला काही सुचेना.

मोबाइलवर दिसलं, त्या माणसानं एक हात सोडला. पँटला तेल पुसलं. हात वर गेला.

“बोल रुपाली,” प्रज्ञेश हळू आवाजात म्हणाला, “मीटिंगमध्ये आहे.”

आणि त्याच्या पाठोपाठ म्हातारीचा आवाज आला, आधी फोनमधनं, मग मोबाइलमधनं.

“कार्ड कुठंय तुमचं?”