तेविसाव्या घराच्या भिंती

तेविसावे घर पाहताच ती भाळली. गळके छत, निखळलेल्या फरश्या, सारे तिला दुरुस्तीजोगेच वाटले. नवरा मात्र अडून बसला होता.

"गवंडीदादांना ठोकून बघू दे. भिंती पोकळ निघाल्या, तर या घराचे नाव काढायचे नाही."

तेवढ्यात आतल्या खोलीत हातोडी वाजू लागली. गवंडी मागच्या दाराने आला असावा. दोघे श्वास रोखून ऐकत राहिली. प्रत्येक ठोका भरीव होता.

"पक्की आहे ना हो, दादा?" तिने विचारले.

"पक्की," आतून उत्तर आले.

"जिंकलीस बाई! घेऊन टाकू," नवरा हसला. तिचा जीव भांड्यात पडला.

तोच गवंडी फाटकातून धापा टाकत आला. "उशीर झाला, ताई. कुठली भिंत ठोकायची?"

आत हातोडी पुन्हा वाजू लागली.

"कुठलीच नाही," ती दार अडवून म्हणाली. "झाल्या बघून."