सर्जेरावांचा डाव

तालमीच्या कट्ट्यावर आजही हिंदुरावांभोवतीच घोळका जमला होता. पलीकडे सर्जेराव वस्ताद एकटेच बसून आतल्या आत जळत होते. चाळीस वर्षं त्यांनी कुस्ती शिकवली, आता डाव विचारायला कुणी फिरकेना. आणि त्यांनी तीनदा चीत केलेला हा हिंदुराव मात्र मोबाईलवरच्या सुपरहिरोंच्या मारामारीच्या गेमवर व्हॉट्सॲप ग्रुपात लिहून मोठा झाला!

"वस्ताद, तुम्ही पण वाचा की!" कुणीतरी डिवचलं.

"वाचतो. येतंय मला आता." गेल्याच वर्षी ते सुनेकडून अक्षरं शिकले होते. फोन हातात घेऊन, अक्षराला अक्षर जोडत ते हिंदुरावांच्या लिखाणातली चूक शोधू लागले.

'गेम झकास आहे, जाहिराती फार. सुरुवातीलाच सगळी शक्ती उधळू नका. मार अडवा, समोरच्याला दमू द्या. तो झेपावला की डावीकडे सरका आणि पाय घाला. हा डाव आमच्या सर्जेराव वस्तादांचा. यानंच त्यांनी मला तीनदा पाडलंय.'

सर्जेरावांनी शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मग त्यांना चूक सापडली.

"डावीकडं नव्हं लेका, उजवीकडं! तीनदा पडलास, तरी कळलं नाही होय?"

घोळका खदाखदा हसला. हिंदुरावही हसत बाजूला सरकले. त्या मोकळ्या जागेत सर्जेरावांनी ऐसपैस बूड टेकलं.

"आण तुझा तो सुपरहिरो इकडं," ते म्हणाले. "जरा शिकवू दे त्याला."